जन्मजात व्यंग आणि प्राथमिक शिक्षक

खेडोपाडी कधी कधी पाच पायांची गाय दारोदार फिरविली जाते. लोक तिच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात. त्याच गावात दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मास आले, तर त्याच्या आईस विचारले जाते, "ग्रहणात विळी हाती घेतली होतीस का?" जनावराच्या व्यंगास पूजा आणि मुलाच्या व्यंगास दूषण, असा हा प्रकार आहे. वास्तविक दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे गर्भाच्या घडणीत असते. ही गोष्ट शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घ्यावी व मग ती गावास समजावून द्यावी.

खुडूक कोंबडीखालच्या अंड्यातून एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर पडते, हे मुलांना ठाऊक असते. परंतु त्याचे हृदय पहिल्या तीन दिवसांतच धडधडू लागलेले असते. मनुष्याच्या गर्भातही तसेच घडते. चौथ्या आठवड्यात हृदयाचे स्पंदन सुरू होते व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची नळी मिटते. त्याच सुमारास हातापायांचे अंकुर फुटू लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात वरच्या ओठाचे भाग एकमेकांस जुळतात. ते जुळले नाहीत तर ओठ दुभंगलेला राहतो. त्याचा विळीशी अगर ग्रहणाशी काहीही संबंध नाही. गाईचा पाचवा पाय जन्मजात असेल, तर तोही अशाच आरंभीच्या घडणीतील बिघाडाने येतो.

हा बिघाड कशाने होतो? काही व्यंगे आनुवंशिक असतात. जवळच्या नात्यातील विवाहाने त्यांचा संभव वाढतो. काही आहाराच्या उणिवेने होतात. 1933 साली अमेरिकेतील टेक्सास येथे फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीस 'अ' जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला झालेल्या अकराही पिलांना डोळेच नव्हते. पुढे पुरेसा आहार मिळालेल्या डुकरिणींना धडधाकट डोळ्यांची पिले झाली. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता, आहाराचा होता. याच कारणास्तव गरोदरपणापूर्वीपासून स्त्रियांनी फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास मज्जारज्जूची व्यंगे पुष्कळ अंशी टळतात. कित्येक व्यंगांचे कारण मात्र शास्त्रास अद्याप सापडलेले नाही.

आणखी एक कारण रोगाचे आहे, आणि त्याचा संबंध थेट शाळेशी येतो. 1941 साली ऑस्ट्रेलियातील सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या 78 बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला होऊन गेला होता. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, दोन-तीन दिवसांत उतार, असा हा क्षुल्लक वाटणारा आजार होय. परंतु पहिल्या तीन महिन्यांत तो मातेस झाला, तर शंभरांत नव्वदापर्यंत गर्भांना त्याचा संसर्ग पोहोचतो. त्यातून बधिरत्व, मोतीबिंदू व हृदयविकार उद्भवतात. अमेरिकेत 1964-65 च्या साथीनंतर अशी सुमारे 20,000 बालके जन्मास आली.

या रोगावरील लस पुण्याजवळच्या हडपसर येथे तयार होते. एके काळी मळ्यांचे गाव असलेल्या हडपसरला 1966 साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट स्थापिली. धनुर्वातावरील प्रतिविषापासून तिच्या कार्यास आरंभ झाला. पुढे तेथील गोवर-रुबेला लस देशभर पोहोचली. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 रोजी या लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा 9 महिने ते 15 वर्षे वयाच्या मुलांना ही लस देण्यात आली व पुष्कळ ठिकाणी शाळेचा वर्ग हेच लसीकरणाचे केंद्र झाले. आता नित्य लसीकरणात तिची एक मात्रा 9 ते 12 महिन्यांच्या व दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या वयात दिली जाते. गरोदरपणी ही लस देता येत नाही. म्हणून तिचे संरक्षण बालपणीच मिळावयास हवे. मुलग्यांनाही ती द्यावी लागते, कारण मुलगा हा रोग शाळेतून घरी, गरोदर आईपर्यंत नेऊ शकतो. लसीस नकार देणाऱ्या पालकास शिक्षकाने हे शांतपणे सांगावे.

जी मुले व्यंग घेऊन वर्गात आली आहेत, त्यांच्याविषयीचे कर्तव्य याहून निकडीचे आहे. हाक मारूनही न वळणारे, शेजाऱ्याच्या पाटीत पाहून लिहिणारे, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावणारे मूल मठ्ठ ठरविण्यापूर्वी त्याला ऐकू येते काय, हे तपासावे. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसणे, थोडे धावताच ओठ निळे पडणे, पाऊल आत वळलेले असणे, ही चिन्हे नोंदवून ठेवावीत. 2013 साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या दिवशी असे मूल गैरहजर राहू नये. पथक येण्यास अवकाश असल्यास पालकांसह त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो. वाकडे पाऊल तान्हेपणीच प्लास्टर घालू लागल्यास बहुधा सरळ होते. विलंबाने मात्र हानी होते.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी याच विषयावर एक पाठ घ्यावा. फळ्यावर कोंबडीच्या अंड्याचे चित्र काढावे व गर्भ दिवसागणिक कसा वाढतो ते दाखवावे. मुले घरी जाऊन तेच सांगतील. एखाद्या मातेच्या माथ्यावरील न केलेल्या अपराधाचा भार त्यायोगे उतरला आणि मागल्या रांगेतील एखादे मूल पुढल्या रांगेत येऊन ऐकू लागले, तर त्या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.