बेडकाची हांक आणि तिची जागा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला म्हणजे आमच्या वसतिगृहामागील जुन्या खाणीच्या खळग्यांत पाणी सांचतें, आणि त्याच रात्रीं बेडकांचा असा कल्लोळ सुरू होतो कीं, शेजारीं बसलेल्याचें पाठांतरहि ऐकूं येऊं नये. गेल्या पावसाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थी परवानगी घेऊन, हातीं कंदील धरून तेथें गेलों. खळगा वीस पावलांवर राहिला असेल नसेल, तोंच सारा आवाज एकदम बंद पडला. कंदील झांकून आम्ही निमूट उभे राहिलों. बऱ्याच वेळानें एकच 'डरांव' ऐकूं आलें, मग दुसरें, आणि पाहतां पाहतां सारा खळगा पूर्ववत् गर्जूं लागला.

तो पहिला बेडूक आमच्या मनांतून जाईना. आम्ही तर अजून तेथेंच उभे होतों. संकट टळलें अशी त्याची खात्री कोणी करून दिली होती? मग इतर सर्व गप्प असतां त्यानेंच तोंड कां उघडलें? ('तोंड उघडलें' हें म्हणणें चुकीचेंच; कारण बेडूक तोंड व नाकपुड्या मिटून ओरडतो. फुप्फुसांतील हवा स्वरयंत्रावरून गळ्याजवळील स्वरकोशांत जाते व तेथून परत फुप्फुसांत येते, म्हणून तोच श्वास पुनः पुनः कामीं येतो. आमच्याकडील मोठ्या बेडकाचे असे दोन कोश असतात. वीणीच्या दिवसांत नराचें अंग लिंबासारखें पिवळें व हे कोश निळे होतात.)

ओरडणारे बहुतेक नरच असतात. मादीस 'मी येथें आहें' व दुसऱ्या नरास 'ही जागा माझी आहे' असें एकाच हांकेनें सांगितलें जातें. प्रत्येक जातीची हांक निराळी असल्यामुळें काळोखांतहि मादी आपल्या जातीचा नर ओळखते. बेडूक पावसास बोलावतो असें आपल्याकडे समजतात; वस्तुतः पावसानें सांचलेल्या पाण्याकडे तो मादीस बोलावीत असतो.

म्हणूनच जागेस महत्त्व आहे. मोठा बेडूक उघड्या, उथळ पाण्यांत बसतो, कारण अंडीं तेथेंच घालावयाचीं असतात. सह्याद्रींतील झुडपी बेडकांच्या अंड्यांतून मात्र शेपटीवाला डिंभ न निघतां एकदम इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्यांस डबक्याची गरज नाहीं. ते पानांवर बसून हांक देतात.

जागा आवाजासहि साहाय्य करते. घागरींत तोंड घालून गुणगुणलें असतां एका ठराविक सुरावर घागर आपणच घुमूं लागते, हें लहानपणीं कोणीं केलें नाहीं? बोर्निओ बेटावर एक चिमुकला बेडूक झाडाच्या ढोलींत, सांचलेल्या पाण्यांत अर्धवट बुडून बसतो. लार्डनर व बिन लाकिम या संशोधकांनीं त्यास पाणी भरलेल्या कृत्रिम ढोलींत ठेवून पाणी हळूहळू काढून घेतलें. पाणी उतरूं लागतांच पोकळीचा सूर बदलला, आणि बेडकानें आपला सूर बदलत बदलत तिच्याशीं जुळविला! हें त्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलें. तैवान बेटावरील एका जातीचे नर काँक्रीटच्या गटारांत बसून ओरडतात, व त्यांची हांक बाहेरच्यांहून मोठी आणि लांब भरते, असें २०१४ सालीं आढळून आलें. आपण बांधलेल्या गटाराचा असा उपयोग होईल हें बांधणाऱ्याच्या स्वप्नींहि नसेल.

परंतु जी हांक मादीस दूरवर ऐकूं जाते, ती शत्रूसहि ऐकूं जाते. मध्य अमेरिकेंत पनामा देशीं तुंगारा नांवाचा सुमारें इंचभर बेडूक आहे. एकटा असला म्हणजे तो बहुधा कण्हल्यासारखा उतरत जाणारा स्वर तेवढा काढतो. प्रतिस्पर्धी जवळ असले म्हणजे त्यास शेवटीं 'चक्' असा ठसका जोडतो. ठसक्याची हांक मादीस अधिक आवडते. तेथील एक वटवाघूळ बेडकाच्या आवाजाच्या अनुरोधानेंच झडप घालतें, हें टटल व रायन यांनीं १९८१ सालीं दाखविलें. आणि पुढें दिसलें कीं, त्यासहि ठसक्याचीच हांक प्रिय आहे! नर गप्प बसला तरी त्याची पुरती सुटका नाहीं. स्वरकोशाच्या हालण्यानें उठलेले तरंग क्षणभर पाण्यावर राहतात, व वटवाघूळ आपल्या प्रतिध्वनीवरून ते टिपतें. पाण्यावर पालापाचोळा असला तर मात्र त्यास तें कठीण जातें.

आपल्या देशांत हा शत्रू कंदील घेऊन येत असे. परदेशीं बेडकांच्या तंगड्यांस चांगली किंमत येई, म्हणून पावसाळी रात्रीं आवाजाच्या रोखानें जाऊन, उजेडानें दिपलेले मोठे बेडूक पोत्यांत भरले जात. दरसाल शेंकडों टन माल जहाजांतून रवाना होई. बेडूक कमी झाले तर पिकांवरील किडे कोण खाणार, असा प्रश्न उभा राहिला, आणि १९८७ सालीं सरकारनें ही निर्यात बंद केली. आमचा कंदील दिसतांच तो खळगा कां गप्प झाला, याचा आम्हांस मग फारसा अचंबा वाटला नाहीं.

उरला तो पहिला बेडूक. गप्प बसणारा वांचेल, पण त्याच्याकडे मादी येणार नाहीं. आणि वीणीच्या रात्री थोड्याच असतात. पुढील मृगांत कंदील न नेतां आधींच जाऊन बसावयाचें, व पहिली हांक खळग्याच्या कोणत्या कडेनें येते तेवढेंच पाहावयाचें, असें आम्ही ठरविलें आहे.