डोळ्यावरची तर्री

अल्लीपूरला घराघरात कापूस वेचणीची धांदल. आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. भिंतीवरचं कॅलेंडर ती आता बाजेवरून वाचते, पण डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणून दिवसभर पदरानं डोळा पुसत असते. काकाजींची सारी नोकरी सरकारी दवाखान्यांत डोळे तपासण्यात गेली. पुतणी आजीला घेऊन त्यांच्याकडे आली ती घाबरून.

पुतणी : काकाजी, ऑपरेशन बिघडलं काय?

काकाजी : कॅलेंडर वाचते नं ती? मग आतलं काम नीट झालं. मोतीबिंदू बाहुलीच्या मागं असतो. खुपतं ते वर, बुबुळावर.

पुतणी : डोळा कोरडा पडला म्हणतात. मग पाणी काहून वाहते?

काकाजी : रश्श्यावर तर्री असते नं? तिच्यामुळं वाफ उडत नाही. अश्रूंचंही तसंच आहे. बुबुळाला धरून एक चिकट थर, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेल. ते तेल पापण्यांच्या काठावरल्या बारीक ग्रंथींतून येतं. तर्री पातळ झाली की खालचं पाणी उडतं, बुबुळ उघडं पडतं, खुपतं. मग डोळा एकदम पाण्याचा लोंढा सोडतो. त्यात नुसतं पाणी, ते ठरत नाही, गालावर ओघळतं.

पुतणी : पण हे ऑपरेशननं काहून व्हावं?

काकाजी : बुबुळात रक्तवाहिनी एकही नाही, पण नसांचं जाळं फार दाट. म्हणून तर कुसळ गेलं की जीव कळवळतो. फेको नावाच्या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरचा छेद देतात, बिनटाक्याच्या दुसऱ्या पद्धतीत सहा-सात. छेदात आलेल्या नसा तुटतात. डोळा सुकला हा निरोपच पोचला नाही, तर पाणी पाठवायचं कुणी?

पुतणी : नसा तुटतात? कायमच्या?

काकाजी : नाही. हळूहळू पुन्हा वाढतात. तीनेक महिन्यांत बहुतेकांचं खुपणं ओसरतं. त्यात ऑपरेशनआधी जंतू मारायला घातलेलं आयोडीन, सूक्ष्मदर्शकाचा प्रखर उजेड, नंतरचे थेंब, या सगळ्यांचा त्रास पृष्ठभागालाच.

पुतणी : नसा तुटतील हे आजीला आधी कुणी सांगितलं काहून नाही?

काकाजी : माझं आयुष्यभराचं दुखणं हेच आहे. 1976 साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. शाळेच्या वर्गात शिबिरं व्हायची, मोठी चीर, टाके, आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. लंडनला हॅरॉल्ड रिडले यांनी 1949 साली डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आपल्या खेड्यांपर्यंत ते यायला किती वर्षं गेली! आलं ते मोठं काम झालं, त्यात शंका नाही. पण महिन्याच्या शेवटी आमच्याकडून आकडा मागायचे तो ऑपरेशनचा. किती म्हाताऱ्या नंतर डोळे पुसत बसल्या, त्याचा रकानाच रजिस्टरात नव्हता. मीही तो आखला नाही.

पुतणी : नसा खरंच वाढतात नं पण?

काकाजी : वाढतात म्हटलं नं, पोरी! तू तिथंच अडकून बसली. चूक आधीच होते. भिंगाचा नंबर काढताना यंत्र बुबुळाचा बाक मोजतं. अश्रूंचा थर फाटका असला तर मापच चुकतं. आजीचा जन्म चुलीच्या धुरात आणि सोयाबीनच्या मळणीत गेला. तिचा डोळा आधीपासूनच कोरडा असणार. तो आधी तपासायचा, आधी सुधारायचा, मग ऑपरेशन.

पुतणी : बरं. ह्या तिच्या दोन बाटल्या.

काकाजी : ही दवाखान्यातली. आणि ही?

पुतणी : मेडिकलातून आणली. लाली लगेच जाते म्हणे.

काकाजी : चिठ्ठीशिवाय? यात स्टेरॉइड आहे. डॉक्टरही देतात, पण हप्त्याहप्त्यानं कमी करत बंद करायला. आपल्या मनानं महिनोन् महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. गावात असे डोळे पाहिलेत मी. ही बंद. कृत्रिम अश्रूंचे थेंबही विचारून घे. बऱ्याच बाटल्यांत औषध टिकवायला बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, दिवसातून सहा-सहा वेळा गेलं तर बुबुळाला तेच झोंबतं.

पुतणी : मग आता?

काकाजी : सोमवारी तिला सेवाग्रामला ने, कस्तुरबा रुग्णालयात. दोन्ही बाटल्या सोबत घे. पण त्याआधी दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा नजर मंदावली, तर सोमवारची वाट पाहू नको, त्याच दिवशी नीघ. तोवर चुलीपासून दूर, कापसाच्या ढिगाजवळ नाही. आणि थेंब कसा घालता, दाखव.

पुतणीनं आजीचा चेहरा वर केला आणि बाटली थेट बुबुळावर धरली. काकाजींनी तिचा हात थांबवला, खालची पापणी बोटानं हलकेच ओढली. आत लालसर खोबणी दिसली. एकच थेंब तिथं, बाटलीचं टोक पापणीला न लावता.

“काय म्हणते बापा हा?” डोळा मिटूनच आजीनं विचारलं.

“नसा वाढतात म्हणतात, आजी,” पुतणी म्हणाली.