पळसाचा रंग व कार्बनाचें कडें

वाचकबंधूंस रसायनशास्त्राचा विषय परका वाटेल. परंतु उंबरमाळीच्या माळावर फाल्गुनांत फुलणारा पळस हाच त्याचा धडा होय.

कार्बनाचे परमाणु साखळीप्रमाणें एकमेकांस जोडले जातात. साखळीचीं टोकें जुळलीं म्हणजे कडें बनतें. बेंझिनाचे सहा कार्बन असे कड्यांत असतात, हें केकुले ह्या जर्मन शास्त्रज्ञानें 1865 सालीं मांडलें.

पळसाच्या फुलांतील रंगद्रव्यें दोन रूपांत असतात. त्यांतील मधलें कडें मिटलेलें असल्यास रंग फिका, उघडें असल्यास भगवा. वाळलेलीं फुलें उकळून पाणी गाळावें व निम्म्या पाण्यांत थोडी चुन्याची निवळी घालावी. तेवढाच भाग गडद होतो. क्षारानें कडें उघडतें, हें त्याचें एक कारण होय. निवळी डोळ्यांत जाऊं देऊं नये.

अशाच घराण्यांतील पिवळीं द्रव्यें कृत्रिम रीतीनें बनविण्याची युक्ति इंग्लंडांत बेकर व लाहोरास डॉ. के. वेंकटरामन् ह्यांनीं 1933 च्या सुमारास स्वतंत्रपणें शोधिली. दोन लहान द्रव्यें जोडावयाचीं. क्षाराच्या योगें एक गट ऑक्सिजनावरून सरकून जवळच्या कार्बनावर बसतो. मग आम्लानें पाण्याचा अंश निघून कडें मिटतें. वेंकटरामन् पुढें मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे व 1957 पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

ह्यांत शेतकऱ्याचा संबंध काय? नीळ हेंहि कड्यांचेंच द्रव्य. बायर ह्यांनीं तें 1880 सालीं प्रयोगशाळेंत बनविलें. 1897 सालीं जर्मन कारखान्याची नीळ बाजारांत आली, आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांतील निळीची बहुतेक लागवड बसली. जमीन तीच, मेहनत तीच. गिऱ्हाईक मात्र गेलें.

प्रस्तुत लेखकानेंहि सेवानिवृत्तीनंतर एका व्यापाऱ्याच्या शब्दावर अर्धा एकर गवती चहा लाविला. त्याच्या तेलांतील मुख्य द्रव्य कारखान्यांतहि तयार होतें, हें दर पडल्यावर कळलें. भाताचें खाचर राखलें होतें म्हणून घर चाललें.

तात्पर्य, एखाद्या रंगाकरितां, सुवासाकरितां वा औषधाकरितां नवें पीक घेण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: गिऱ्हाईक त्यांतील कोणतें द्रव्य घेतो, आणि तें कारखान्यांत किती स्वस्त बनतें? उत्तर मिळेपर्यंत बांधालगतच्या चार ओळींपलीकडे जाऊं नये.