लॅमिनेट फरशीतील ओल व तिचे निदान

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगड शहराला वर्षात दोन अगदी भिन्न हवामाने भोगावी लागतात. मे-जून महिन्यांत तेथील वारा कोरडा व तप्त असतो. जुलैमध्ये पाऊस सुरू झाला म्हणजे तीच हवा बाष्पाने जड होते. त्या शहराच्या आग्नेयेकडील इंडस्ट्रियल एरियात एखाद्या गोदामात जूनभर पडून राहिलेली लॅमिनेटची फळी ऑगस्टमध्ये घरात जमिनीवर अंथरली, तर तिचे माप पूर्वीइतकेच राहील असे समजणे चुकीचे ठरते. म्हणूनच अशा फळ्या जेथे बसवावयाच्या त्याच खोलीत निदान 48 तास आधी ठेवाव्यात, असा प्रघात आहे.

लॅमिनेट फरशी दिसते लाकडासारखी, परंतु तिच्या पृष्ठभागी असते ते लाकडाचे केवळ छायाचित्र. 1977 मध्ये स्वीडनमधील पेर्स्टोर्प कंपनीने ही फरशी प्रथम तयार केली. वर मेलॅमिन राळेचा पारदर्शक, कठीण थर. त्याखाली छापील कागद. मध्ये लाकडाचे तंतू राळेसह प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला गाभा. आणि तळाशी तोल राखणारा आणखी एक थर, अशी तिची रचना असते. वरचा थर पाणी आत घेत नाही. पाणी शिरते ते सांध्यांतून व तळातून, आणि त्याची गाठ पडते गाभ्याशी.

येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. दमट हवेतील बाष्प शोषून गाभा थोडा पसरतो व हवा कोरडी झाली की बहुतांशी पूर्ववत होतो. प्रत्यक्ष पाणी लागले तर मात्र दाबून बसविलेले तंतू मोकळे होतात, फळीची कड फुगते, आणि ती वाळली तरी पुन्हा सपाट होत नाही. फुगलेली फळी बदलणे सोपे असते. परंतु पाणी कोठून आले हे न शोधता ती बदलली, तर पुढील पावसाळ्यात तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

निदानाचा आरंभ जागेपासून करावा. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, मोरीजवळ किंवा वातानुकूलन यंत्राच्या पाण्याच्या नळीखाली एकाच ठिकाणी कडा फुगल्या असतील, तर गळतीचा संशय घ्यावा. बाहेरच्या भिंतीलगतची रांग बिघडली असेल, तर पाणी भिंतीतून झिरपत असण्याचा संभव अधिक. खोलीच्या मध्यभागी फळ्या तंबूसारख्या उचलल्या गेल्या, पण कडा फुगलेल्या नाहीत, तर भिंतीपाशी 8 ते 10 मिलिमीटर फट ठेवली आहे काय ते आधी पाहावे. प्रसरणाला जागा नसली की हा प्रकार घडतो. त्याला जमिनीतील ओल म्हणणे हा नेहमीचा गैरसमज आहे.

कडा सर्वत्र फुगल्या असतील व कुबट वास येत असेल, तर काही फळ्या काढून खालचे काँक्रीट तपासावे. सुमारे 45 सेंटिमीटर चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या काँक्रीटवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व निदान 16 तास वाट पाहावी. तुकड्याच्या खालच्या अंगास थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर ओल खालून येत आहे. थेंब वरच्या अंगास असतील, तर ते हवेतील आहेत. ही चाचणी उन्हाळ्यात निर्दोष ठरली म्हणून निश्चिंत होऊ नये. ती पावसाळ्यात पुन्हा करावी.

हवेतून पाणी कसे येते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हवेचे तापमान 30 अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 26 अंशांवर येतो. वातानुकूलनाने 24 अंशांपर्यंत थंड झालेल्या फरशीच्या खोलीत, यंत्र बंद करून खिडक्या उघडल्या की त्या फरशीवर दव धरते. अशा घरात जमीन खणून काय हाती लागणार?

खालून आलेली प्रत्येक ओल भूजलाचीच असते असेही नाही. नव्या काँक्रीटला वाळण्यास दर 25 मिलिमीटर जाडीस सुमारे एक महिना लागतो, असा स्थूल अंदाज आहे. म्हणजे 100 मिलिमीटरच्या थरास चार महिने. पुरवठ्याच्या नळाची गळती पाहण्यासाठी रात्री सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा व सकाळी ताडून पाहावा. टाकी आपोआप भरत असेल, तर तिचाही नळ बंद ठेवावा. सांडपाण्याच्या नळीची गळती मात्र ह्या रीतीने कळत नाही. त्यासाठी मोरीत रंगीत पाणी ओतून रंग कोठे उमटतो ते पाहतात.

दोन सुया टोचून विद्युत्‌रोधावरून ओलावा दाखविणारी उपकरणे बाजारात मिळतात. ती लाकडासाठी जुळविलेली असल्यामुळे काँक्रीटवरील त्यांच्या आकड्यास फारसा अर्थ नसतो, आणि त्यातील क्षारही त्यांची दिशाभूल करतात. कोरडा कोपरा व संशयित कोपरा यांची तुलना करण्यापुरता त्यांचा उपयोग करावा.

कारण दूर झाल्यावर काँक्रीट पूर्ण वाळू द्यावे, त्यावर 200 मायक्रॉन जाडीचा पॉलिथीनचा कागद सांध्यांशी 20 सेंटिमीटर एकावर एक येईल असा पसरून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत, आणि मगच नव्या फळ्या बसवाव्यात.