ठिपका हिरवा असला तरी

बाय, तू व्हिगन झालीस हे कळलं. मला काही बोंबील सुटायचा नाही. पण दातिवऱ्यात चाळीस वर्षं किराण्याचं दुकान चालवलंय, त्यामुळे कशात काय दडलेलं असतं ते चार घरांपेक्षा मला जास्त ठाऊक.

आधी गावातलंच बघ. आपल्याकडे वांग्यात नाहीतर दुधीत मूठभर जवळा पडला तरी ती भाजीच. 'भाजी आहे ना?' म्हणून विचारलंस तर 'हो' म्हणतील, आणि त्यात खोटं काही नसेल. 'व्हिगन आहे का', 'मला चालेल का' असं विचारूच नकोस. वस्तूचं नाव घे. जवळा टाकलाय? सुकटीची चटणी याच पाट्यावर वाटली? भाकरीला तूप लावलं? सफाळ्याच्या हॉटेलातही तेच. डाळ शाकाहारीच असते. फोडणी तेलाची की लोण्याची, ते भटारखान्यातच विचारावं लागतं.

दुकानातला पुडा मात्र उलटा करूनच वाचायचा. हिरवा ठिपका म्हणजे मांस, मासळी, अंडं, किडा नाही. पण २०२० च्या लेबलांच्या नियमांत दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख मांसाहारात धरलेले नाहीत. म्हणून हिरव्या पुड्यावर जिलेटीन किंवा किड्यांपासून केलेला १२० नंबरचा लाल रंग शोधत डोळे फोडू नकोस. शोधायचं ते दूध, आणि ते दूध या नावाने क्वचितच येतं. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर ऑइल, ही सगळी त्याचीच नावं. मसाला वेफर्सच्या पुड्यातही मला सापडलंय. घाई असेल तर यादीच्या शेवटची अ‍ॅलर्जीची ओळ तेवढी बघ. 'कंटेन्स मिल्क' असेल तर पुडा जागेवर ठेव. 'मे कंटेन' म्हणजे त्याच कारखान्यात दूधही हाताळतात. तिथे तुझं तू ठरव, मी तरी घेतला असता.

चहात घालायच्या पावडरीने मला एकदा फसवलं. समोर मोठ्या अक्षरांत 'नॉन-डेअरी'. दूध न सोसणाऱ्या एका पोरासाठी ती मी खुशाल बांधून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगभर गांधी उठल्या. पुडी उलटवली तर बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन. तेव्हापासून चष्मा गल्ल्यावरच ठेवत आले.

चकाकणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांवर ९०४ म्हणजे लाख, बांगड्यांची असते तीच, किड्याची. ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण. उलट कोको बटर आणि नारळाचं दूध यांना नावावरून घाबरू नकोस. लॅक्टिक अ‍ॅसिडही बहुतेक साखर आंबवूनच करतात. २०२२ च्या नियमांपासून व्हिगन मालाला हिरव्या व्ही अक्षराची वेगळी खूण आहे. ती दिसली तर सुटलीस, पण आपल्या बाजूच्या दुकानांत मी ती फारशी पाहिली नाही.

केळव्याचं पान खाशील तर चुना कशाचा ते विचार. किनाऱ्यावर तो शिंपले भाजून करायची जुनी रीत आहे, दगडाचाही मिळतो. नारळाच्या मुळाशी मासळीचं खत घातलं म्हणून नारळ मात्र सोडू नकोस. इतकं खोल गेलीस तर उपाशी मरशील.

राहिली औषधं. कॅप्सूलचं टरफल बहुधा जिलेटीनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. डी-३ पुष्कळदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. दुसरी गोळी मिळते का ते त्यांनाच विचारायचं. आणि बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. ते जिवाणूंपासून तयार करतात, त्याची गोळी तुला चालते आणि घ्यावीच लागेल. पुढच्या खेपेला येशील तेव्हा रक्ताचा रिपोर्ट घेऊन ये.