डिझायर, ई-क्लास आणि खंबाटकी

वापरलेल्या गाड्यांचा आमचा धंदा साताऱ्यात. वडिलांनी तो प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांच्यावर उभा केला. माझ्याकडे येईतो गिऱ्हाइकं ‘एखादी मर्सिडीज आली तर कळवा हं’ म्हणायला लागली होती. अशा गाड्या बहुतेक पुण्या-मुंबईला मिळतात आणि त्या घरापर्यंत आणायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. सांगताना कारण तपासणीचं सांगते, खरं कारण हौस. त्यामुळे वाटेतला खंबाटकीचा घाट मी कधी डिझायरनं चढते, कधी मर्सिडीजच्या ई-क्लासनं, तर कधी कुणाच्या तरी कर्जाच्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजनं. गाडी ‘हातात कशी आहे’ हा प्रश्न गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी विचारतं. माझ्या मनात तो पहिल्या वळणापासून चालू असतो.

१. मोठी गाडी सगळ्यात आधी वेग लपवते. डिझायर ऐंशीच्या वर गेली की बोलायला लागते. काचेशी वारा घुमतो, टायरांचा आवाज पायाशी येतो, पुलाच्या सांध्यावर स्टेअरिंगला हलकासा झटका बसतो. ई-क्लासमध्ये शंभरावरही मागचा माणूस फोनवर कुजबुजत बोलू शकतो. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की उतारावर एस आकाराचं वळण येतं, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेलं. तिथे डिझायरमध्ये माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. ई-क्लासमध्ये काट्याकडे बघून न्यावा लागतो. हिशेबही सोपा नाही. ई-क्लासचं वजन डिझायरच्या जवळपास दुप्पट, आणि ऐंशीचा वेग शंभर झाला की ब्रेकनं जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त वाढते. ब्रेकही त्या मापाचे असतात, कबूल. पण आमचे जुने मेकॅनिक म्हणायचे, गाडी बुडानं चालवायची असते. इतक्या मऊ सीटवर बुडाला काय कळणार?

२. महाग म्हणजे मऊ, हा समज माझाही होता. आल्याला सोन्याचा भाव आला त्या वर्षी एका शेतकऱ्यानं आमच्याकडून थ्री सिरीज नेली. महिन्याभरात परत आले. ‘ताई, गाडी देखणी आहे, पण गावच्या रस्त्याला फार दणके देते. माझी स्विफ्ट बरी होती हो.’ माणूस खरं बोलत होता. त्या गाडीला रन-फ्लॅट टायर असतात. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८०च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता यावं म्हणून त्यांच्या कडा मुद्दाम ताठ केलेल्या, आणि म्हणून डिकीत स्टेपनी नाही. शिवाय टायरवरचे आकडे वाचले तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. त्यांच्या १८ इंची चाकावर २२५/४५ लिहिलेलं होतं, म्हणजे टायरची उभी कड रुंदीच्या ४५ टक्के, जेमतेम १०१ मिलिमीटर. डिझायरच्या १४ इंची चाकावर १६५/८० असतं, म्हणजे कड १३२ मिलिमीटर. ही जी इंचभर जास्तीची रबर-हवेची गादी आहे, तीच खड्डा गिळते. पण हीच उंच कड वळणात आडवी कलते आणि स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी एक क्षण विचार करते. थ्री सिरीज विचार करत नाही. तुम्ही वळवायचं मनात आणलं की ती वळलेली असते. त्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग होता? घरापासून बागायतीपर्यंत सरळ, फुटलेला रस्ता. शेवटी त्यांनी साधे टायर घातले, डिकीत स्टेपनी टाकली. सामानाची जागा गेली, तक्रारही गेली. दणकट आणि ताठ यात फरक आहे, हे मला त्यांच्या गावचा रस्ता बघितल्यावर पटलं.

३. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे ठेवलंय, हे वळणात जास्त कळतं. डिझायरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ओढणारी चाकं पुढची आणि वळणारीही पुढचीच. आमच्या घरातल्या थोरल्या सुनेसारखी, सगळं तिच्याच अंगावर. चढावरच्या वळणात ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की गाडीचं नाक हळूच बाहेरच्या कडेला सरकायला लागतं. पाय किंचित सैल केला की परत आत येतं. हा स्वभाव कंपन्या मुद्दाम जपतात, कारण घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पाय उचलणं, आणि तेवढ्यानं गाडी सावरावी अशी सोय असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ई-क्लासमध्ये किंवा थ्री सिरीजमध्ये पुढच्या चाकांना वळण्याचंच काम. म्हणून वळणातून बाहेर पडताना ती मागून कुणीतरी शांतपणे ढकलावं तशी निघते. बीएमडब्ल्यू पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं वाटायचा हट्ट धरते, तो याचसाठी. मात्र बिल्ल्यावर भरवसा नको. आपल्याकडच्या बऱ्याचशा ऑडी ए४ पुढच्याच चाकांनी ओढल्या जातात, आणि त्या मालकांपैकी कितीजणांना ते ठाऊक असतं, हा माझा करमणुकीचा विषय आहे.

४. कलणारी गाडी घाबरट नसते, बोलकी असते. वॅगन-आर १६७५ मिलिमीटर उंच आहे. घाटात ती कलते, मागच्या सीटवरच्या पिशव्या एका बाजूला जातात आणि आत्या दाराची कडी धरते. त्या क्षणी टायरांची पकड बरीच शिल्लक असते, पण सगळं कुटुंब ‘हळू गं’ म्हणून ओरडतं आणि मी वेग कमी करते. ठेंगण्या, रुंद सेडानमध्ये हीच आत्या डुलकी घेते. सुरक्षित कोणत्या गाडीत होतो, याचं उत्तर मी ठामपणे देत नाही. कुटुंबाचा ओरडा हीसुद्धा एक सुरक्षा यंत्रणाच आहे, आणि ती कुठल्याही व्हेरिएंटमध्ये फुकट मिळते.

५. जड स्टेअरिंग म्हणजे चांगलं स्टेअरिंग, ही पुरुषमंडळींची अंधश्रद्धा. पद्मिनीचं स्टेअरिंग जड होतं, कारण त्याला पॉवर नव्हती. त्यात थोरवी काही नव्हती. आता लहान-मोठ्या बहुतेक गाड्यांत मोटर मदत करते. लहान गाडीत स्टेअरिंग गल्लीतल्या पार्किंगसाठी हलकं ठेवलेलं असतं. महाग गाडीत ‘स्पोर्ट’चं बटण दाबलं की जड होतं, एवढंच. गिऱ्हाईक बटण दाबून माझ्याकडे बघतं, मीही मान डोलावते. धंदा आहे.

६. वळण मी घेते की गाडी, हे आता छातीठोक सांगता येत नाही. पावसात, ओल्या रस्त्यावर, ई-क्लास काय सफाईनं वळवली म्हणून मी स्वतःवर खूश होत असते, तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकून जातो. म्हणजे ईएसपीनं एका चाकाला परस्पर ब्रेक लावून गाडी रांगेत आणलेली असते, आणि ते दिव्याशिवाय मला कळलेलंही नसतं. या तंत्राची गोष्ट मला फार आवडते. १९९५मध्ये ते आलं मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेमधून, म्हणजे श्रीमंतांच्या घरून. दोनच वर्षांनी, १९९७च्या ऑक्टोबरात, स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या नियतकालिकानं मर्सिडीजचीच नवी, छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यावर अचानक सांबराएवढं जनावर आडवं आलं तर झटक्यात डावं-उजवं करून वाचायचं, अशी ती चाचणी. ए-क्लास उलटली. जगभर नाचक्की झाल्यावर कंपनीनं विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि तोवर थोरल्या गाड्यांचा दागिना असलेलं ईएसपी त्या धाकटीला सरसकट दिलं. नाव मोठं असलं तरी उंच आणि आखूड गाडीला निसर्गाचे नियम माफ होत नाहीत. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि २०२४ची नवी डिझायर तर अगदी खालच्या व्हेरिएंटपासून ईएसपी घेऊन आली. आपल्या रस्त्यावर सांबराच्या जागी म्हैस असते, एवढंच. त्यामुळे ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित वळण’ हे वाक्य मी आता गिऱ्हाइकाला पूर्वीसारखं ठोकून देत नाही.

७. लांब गाडी मागे बसणाऱ्यासाठी असते. २०१७मध्ये आपल्याकडे आलेल्या लांब ई-क्लासच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३०७९ मिलिमीटर, डिझायरचं २४५०. दोन फुटांहून जास्त फरक. महामार्गावर तो फरक म्हणजे राजेशाही, आणि यवतेश्वरच्या घाटात कासकडे चढताना तोच फरक म्हणजे घाम. आतल्या बाजूचं मागचं चाक गटाराच्या कडेला चाटून जातं. मोठ्या गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून गाडी तिरकी घ्यावी लागते, आणि मागचे रिक्षावाले काय बोलतात ते काचा बंद असल्यानं ऐकू येत नाही. डिझायर सगळी मिळून चार मीटरच्या आत बसते, तीही करात सवलत मिळावी म्हणून कापलेली. २००८ची पहिली डिझायर यापेक्षा लांब होती. सरकारी सवलतीनं गाडी गल्लीला सोयीची झाली, असं क्वचित घडतं.

८. दहा वर्षांची थकलेली मर्सिडीज नीट ठेवलेल्या डिझायरपुढे वळणात हरते. हे मी धंद्याचं नुकसान सोसून सांगतेय. उंची सस्पेन्शनमध्ये चाकाला जागेवर धरणारे दांडे आणि बुश जास्त असतात, म्हणून ते छान चालतं. आणि जास्त असतात म्हणून एकेक करून झिजतं. बुश गेले की सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं. मी गाडी बघायला जाते तेव्हा गाणी बंद, एसीचा पंखा बंद, काचा वर, आणि विशीच्या वेगानं फुटक्या रस्त्यावरून. लिंक रॉडची टकटक, लोअर आर्मचा धप्प आवाज, दोन्ही तिथे बरोबर ऐकू येतात. मग खाली उतरून टायर. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चारही चाकांवर चार वेगळ्या कंपन्यांचे टायर घातलेल्या पन्नास लाखांच्या गाड्या मी पाहिल्यात. मालक मात्र दाखवतो काय, तर सीटचा मसाज.

९. टेस्ट ड्राइव्हचा रस्ता विक्रेत्याला ठरवू देऊ नका. तो तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून फिरवून परत आणेल. मी स्वतः तेच करते. घरच्या चार माणसांना घेऊन जा, कारण एकट्या चालकाची गाडी आणि भरलेली गाडी यांची वळणं वेगळी असतात, लहान गाडीत तर फारच. तुमच्या घराजवळचा सगळ्यात वाईट गतिरोधक, सोसायटीच्या गेटचं वळण, आणि जवळ असेल तर एखादा चढ, एवढं तरी चालवून बघा. निघण्याआधी दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्याइतकी हवा चारही चाकांत भरायला लावा. विक्रेता कुरकुर करेल. करू दे.