कल्याण शोधताना : ऑनलाइन संग्रहात फिल्टरचा योग्य वापर



आजच्या काळात माहितीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो हवी ती माहिती हव्या त्या वेळी हाती लागण्याचा. शासनाचे निर्णय, जुनी गॅझेटियरे, समित्यांचे अहवाल, दुर्मिळ ग्रंथ असे कितीतरी साहित्य आज घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. परंतु शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकावा, हजारो नोंदी समोर याव्यात, पहिल्या दहा चाळाव्यात आणि "काही मिळाले नाही" म्हणून मोबाइल बाजूला ठेवावा, असा बहुतेकांचा अनुभव आहे. हे टाळण्यासाठी अशा संग्रहांत 'फिल्टर' ही सोय दिलेली असते. ती कशी वापरावी, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्याच गावाचे उदाहरण घेऊ. 'कल्याण' हा शब्द शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकला तर समाज कल्याण, महिला व बाल कल्याण, कामगार कल्याण असे नाना प्रकारचे कल्याण समोर येते आणि कल्याण शहर मात्र त्या गर्दीत हरवते. इंटरनेट आर्काइव्हसारख्या जागतिक संग्रहात हाच शब्द टाकला तर गीता प्रेसचे १९२६ साली सुरू झालेले 'कल्याण' हे हिंदी मासिक पुढे येते. शिवाय चालुक्यांची राजधानी असलेले कर्नाटकातील कल्याणही, म्हणजे आजचे बसवकल्याण, त्यात मिसळते. यात यंत्राचा दोष नाही. यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ जाणत नाही. अर्थ सांगण्याचे काम आपले आहे आणि फिल्टर हे ते सांगण्याचे साधन आहे.

फिल्टर म्हणजे काय?

फिल्टर म्हणजे चाळणी. कोणत्याही चांगल्या संग्रहात प्रत्येक नोंदीला काही चिठ्ठ्या लावलेल्या असतात : लेखक कोण, साल कोणते, भाषा कोणती, विषय कोणता, साहित्याचा प्रकार कोणता, विभाग कोणता. आपण "साल १८८२" ही चाळणी लावली की ज्या नोंदीवर त्या सालाची चिठ्ठी आहे तेवढ्याच उरतात, बाकीच्या गळून पडतात.

येथे दोन गोष्टी मनावर कोरून ठेवाव्यात. पहिली अशी की फिल्टर काही शोधून आणत नाही; तो फक्त वगळतो. दुसरी अशी की फिल्टर पुस्तक वाचत नाही. तो पुस्तकावरची चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याने साल लिहिलेच नसेल, तर सालाची चाळणी लावताच ते पुस्तक चांगले असूनही नाहीसे होते. जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले असेल तर चिठ्ठीवर मूळ सालाऐवजी पुनर्मुद्रणाचे साल असू शकते. मराठी ग्रंथांची नावे अनेक ठिकाणी रोमन लिपीत नोंदलेली असतात. तेथे देवनागरीत कितीही शोधले तरी हाती शून्यच येते. म्हणून चाळणी लावण्यापूर्वी आपण काय टाकून देत आहोत, याचा विचार आधी करावा. नाहीतर कोंड्याबरोबर दाणेही उकिरड्यावर जातात.

ठिकाणाची चाळणी

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या परिसरातील प्राचीन बौद्ध अवशेषांवर प्रकल्प लिहावयाचा आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांचे उल्लेख आहेत. सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. आज कान्हेरी मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे, सोपारा पालघर जिल्ह्यात आहे आणि कल्याण ठाणे जिल्ह्यात आहे. तेव्हा तीन जिल्ह्यांच्या नावांनी तीनदा शोधावे लागेल काय? नाही. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी. १८८२ साली ही तिन्ही ठिकाणे एकाच ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे त्या साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्यावरील तेराव्या व चौदाव्या खंडांत तिघांचीही माहिती सापडते. जो विद्यार्थी 'पालघर' हे नाव घालून एकोणिसाव्या शतकातील सोपारा शोधेल, त्याच्या हाती हे खंड लागणार नाहीत.

नावाच्या स्पेलिंगचेही तसेच आहे. आज आपण ठाण्याचे स्पेलिंग टी-एच-ए-एन-ई असे करतो. गॅझेटियरच्या काळात शेवटी ई नसून ए होता, आणि त्याहून जुन्या कागदांत टी-ए-एन-एन-ए असेही आढळते. जुन्या इंग्रजी लेखनात कल्याणची सुरुवात 'के' ऐवजी 'सी'ने झालेली दिसते. डोंबिवलीचे स्पेलिंग तर आजही दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. यावरून नियम असा निघतो : ज्या काळातील कागद हवा, त्या काळातील नावाने व त्या काळातील जिल्ह्याने शोधावे.

विषयाची चाळणी

आपल्या समाजाच्या अभ्यासकाने सर्वांत अधिक सावध राहावे ते येथे. कारण आपल्या माणसांना इतरांनी लावलेल्या चिठ्ठ्या काळानुसार बदलत गेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी कागदांत 'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स', म्हणजे अनुसूचित जाती, हा शब्द आणला. नंतरच्या ग्रंथसूचींत 'दलित' ही चिठ्ठी दिसते. महाराष्ट्र शासनाच्या कागदांत 'नवबौद्ध' हा शब्द आहे.

एक उदाहरण पाहा. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली गेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. तिचा अहवाल १९३० चा. विषयाच्या जागी 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणि साल १९३० असे घातले तर हा अहवाल कदाचित दिसणारच नाही, कारण तो शब्द तेव्हा कायद्यात आलेलाच नव्हता. लेखक म्हणून 'आंबेडकर' घातले तरी तो दिसेल असे नाही, कारण लेखकाच्या रकान्यात समितीचे नाव असू शकते. 'डिप्रेस्ड क्लासेस' आणि 'कमिटी' असे दोन शब्द घालून, १९२८ ते १९३० हा काळ निवडला तर मात्र मार्ग मोकळा होतो. 'मूकनायक'चेही रोमन स्पेलिंग एकच नाही. कोणी ते जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी दोन ओ घालतो, कोणी यू. प्रत्येक प्रकाराने एकदा शोधून पाहावे.

काळाची चाळणी

आता इतिहासाकडून व्यवहाराकडे येऊ. शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा निर्वाह भत्ता यांबाबत कार्यालयात गेल्यावर "असा नियम नाही" हे उत्तर ऐकावे लागते. अशा वेळी तोंडी वाद घालण्यापेक्षा शासन निर्णयाची प्रत समोर ठेवावी. हे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर आहेत आणि तेथे विभाग, मुख्य शब्द, दिनांक व संकेतांक यांनुसार शोधता येते.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचे उदाहरण घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेचा निर्णय ६ जानेवारी २०१७ चा आहे. विभाग म्हणून 'सामाजिक न्याय व विशेष सहाय्य', शब्द म्हणून 'स्वाधार' आणि आरंभीचा दिनांक १ जानेवारी २०१७ घालावा. शेवटचा दिनांक मात्र त्याच महिन्याचा घालू नये. तो आजचा ठेवावा. कारण मूळ निर्णयानंतर सुधारणा होतात, शुद्धिपत्रके निघतात, अटी बदलतात. मूळ निर्णय हाती घेऊन गेलेला विद्यार्थी नंतरच्या सुधारणेने अडचणीत येऊ शकतो. काळाची खालची कड बांधावी, वरची मोकळी सोडावी, आणि सर्वांत नवा कागद आधी वाचावा.

एखाद्या परिपत्रकात संकेतांक दिलेला असेल तर काम आणखी सोपे होते. हा लांबलचक आकडा बहुधा अठरा अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस दाखवतात. आकडा जसाच्या तसा घातला की तोच निर्णय समोर येतो. संकेतांक घालताना दुसरी कोणतीही चाळणी ठेवू नये.

शोधाची रीत

आमच्या आधीच्या पिढीतील बँक कर्मचारी हाताने खातेवह्या लिहीत. ताळा जुळला नाही तर ते सगळी वही पहिल्या पानापासून वाचत बसत नसत. आधी फरकाचा आकडा पाहत. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर ५४ चे ४५ असे अंक उलटे पडले असावेत, हा पहिला संशय. मग तारीख, मग खातेवही, मग रक्कम असे एकेक करून क्षेत्र आवळत नेत. शोधाची रीत हीच आहे.

प्रथम आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा. नंतर कोणतीही चाळणी न लावता एकदा मोकळा शोध घ्यावा आणि त्यातील एक तरी योग्य नोंद उघडावी. तिच्यावर विषय, लेखक, ठिकाण कोणत्या शब्दांत लिहिले आहे ते टिपून घ्यावे व तेच शब्द पुढे वापरावेत. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत. बहुतेक संग्रहांत असे करता येते. मग चाळणी लावावी, परंतु एका वेळी एकच. समजा ४०० नोंदी होत्या आणि भाषेची चाळणी लावताच ३ राहिल्या, तर आनंद मानू नये. ती चाळणी काढून दुसरी लावून पाहावी. क्रम लावणे आणि चाळणे यांतही फरक आहे. नवे आधी असा क्रम लावला तर काहीच गळत नाही, म्हणून शंका असेल तेथे आधी क्रम लावावा. शेवटी, जे शब्द व ज्या चाळण्या वापरल्या त्या तारखेसह वहीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढचा विद्यार्थी तेच श्रम पुन्हा करणार नाही.

इतके करूनही शून्य आले तर? तर "माझ्या शोधात सापडले नाही" एवढेच म्हणावे. "असे काही नाहीच" असे म्हणू नये. या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी, दुसऱ्यांच्या शब्दांत नोंदला, त्यांनी पडद्यावरील शून्य हे अंतिम सत्य मानले तर आपणच आपला इतिहास पुसल्यासारखे होईल. सर्वच कागद अजून संगणकावर चढलेले नाहीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. तेथील ग्रंथपालांना भेटून विचारावे. आपला प्रश्न ऐकून ते जे उलट प्रश्न विचारतात, "कोणत्या काळातले? कोणत्या भाषेतले? पुस्तक की अहवाल?" त्याच खऱ्या चाळण्या होत.

आपल्या विद्यार्थ्यांनी या परीक्षेच्या हंगामानंतर प्रत्येकी एक विषय घेऊन असा शोध करून पाहावा आणि आपली वही संस्थेच्या अभ्यासिकेत ठेवावी, एवढीच आमची विनंती.